सातवा फर्मा आधी

मी चौथी शिकलेला माणूस, आणि कॉलेजात साहित्य कसं शिकवतात यावर लिहायला बसलोय. हसायचं असेल तर हसून घ्या. पण औरंगपुऱ्यातल्या एका बोळात मी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली. एका मोठ्या कॉलेजच्या लायब्ररीचं सगळं फाटकं-तुटकं माझ्याकडं यायचं. मास्तर काय शिकवतात ते मास्तर सांगतील. पोरं काय वाचतात ते बाइंडरला विचारा, कारण पुस्तकाचे कपडे आम्हीच उतरवतो.

आधी धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाय. पुस्तक सुट्या पानांचं नसतं. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात आणि तो कागद घड्या घालून त्याची एक गड्डी करतात. तिला फर्मा म्हणायचं. एकशे साठ पानांचं पुस्तक म्हणजे दहा फर्मे. ते एकापुढं एक लावायचे आणि मधल्या घडीतून दोऱ्यानं एकमेकांना शिवायचे, ही जुजबंदी. मग पाठीला सरस, मग तिन्ही बाजूंनी कटिंग, मग पुठ्ठा. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर खाली कोपऱ्यात मुंगीएवढा आकडा असतो. वाचणाऱ्याला तो कधी दिसत नाय. बाइंडरचं सगळं काम त्याच्यावरच चालतं.

मी सिल्लोडकडून आलो तेव्हा ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद फार बोलायचे नायत. कायदा एकच सांगितला. "पहले सिलाई, बाद में कटाई. उलटा करेगा तो किताब तेरेको माफ नहीं करती." मला वाटायचं म्हातारा उगीच भीती घालतो.

शिलाई आमच्या घरच्यांची. शेवंता. सातवी पास, म्हणजे माझ्यापेक्षा तीन इयत्ता पुढं, आणि हे ती भांडणात बरोबर बाहेर काढायची. दुकानाच्या आतल्या बाजूला पाटावर बसून तिनं किती पुस्तकं शिवली याचा हिशेब मी कधी ठेवला नाय. गेल्या मार्गशीर्षात ती गेली. दुकान मी त्याच्या आधीच बंद केलं होतं, नसतं केलं तर त्या दिवशी केलं असतं. लोक म्हणतात, आता सवय होईल. अकरा महिने झाले, अजून दोन कप चहा टाकतो आणि दोन्ही मलाच प्यावे लागतात. त्यानं पित्त झालंय, ते वेगळंच.

तिची वाचायची रीत जगावेगळी होती. फर्मा उचलताना त्याचं पहिलं पान दिसतं, आणि सुई घालायला मधून उघडला की मधली दोन. सोळातली तीन पानं. तेवढ्यावर ती अख्खी गोष्ट उभी करायची. संध्याकाळी चहाला बसलो की सांगायची, अमक्या पुस्तकातला तो थोरला भाऊ शेवटी घर सोडतो बघा. मी म्हणायचो, तुला काय माहीत, तू तीन पानं वाचलीस. ती म्हणायची, तुम्ही एक तरी वाचलंय का.

आता मास्तर लोक. मराठी विभागात माझ्या ओळखीचे तिघं. तिघांचं पुस्तक एकच आणि शिकवणं तीन तऱ्हेचं.

जोशी सर सगळ्यात जुने. त्यांचं म्हणणं, आधी लेखक समजून घ्या. तो कुठं जन्मला, बाप काय करायचा, कोणत्या वयात कोण वारलं, मग पुस्तक आपोआप उलगडतं. पुस्तक बांधायला दिलं की बजावायचे, लेखकाचा फोटो आणि प्रस्तावना हरवली तर बघा. पठाण सर याच्या बरोबर उलटे. त्यांना लेखकाचा फोटो दिसला तरी राग यायचा. म्हणायचे, "किसनराव, खीर खायची तर खीर खावी, आचाऱ्याचं लग्न झालंय का विचारू नये." ते एकेका शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारायचे, हा शब्द इथंच का, हाच का. एका कवितेवर त्यांनी आठवडा काढलेला मला माहीत आहे, आणि कविता होती आठ ओळींची. तिसऱ्या कांबळे मॅडम. त्या पुस्तकात काय लिहिलंय त्याच्यापेक्षा काय लिहिलं नाय ते शोधायच्या. या गोष्टीत पाणी कोण भरतं? भाकरी कोण थापतं? तिला कुणी बोलू का दिलं नाय? पोरं आधी घाबरायची, मग त्यांच्याच वर्गाला गर्दी करायची.

मला यातलं बरोबर कुणाचं ते कळत नव्हतं, पण पुस्तक कुणाच्या वर्गातून आलं ते मी बघून सांगायचो. प्रस्तावनेची पानं मळलेली आणि पुढचं सगळं कोरं असलं की जोशी सर. मधलंच एक पान पेन्सिलीनं काळं होऊन सुटलेलं असलं की पठाण सर. आणि जिथं तिथं पानांचे कान दुमडलेले, बाजूला बारीक अक्षरात "का?" असं लिहिलेलं, तर ते मॅडमचं. एकदा लायब्ररीयन साहेबांबरोबर पैज लागली. मी सहा पुस्तकं नुसती हातात धरून ओळखली.

चौथी पण एक पद्धत होती आणि तिला गिऱ्हाईक सगळ्यात जास्त. ती गाईडची. एका पोरानं मला गाईड आणून दिलं आणि सांगितलं, मामा, याला या कादंबरीचा पुठ्ठा चढवा, वर्गात उघडून बसता येतं. मी दिला चढवून. मग तसलंच गाईड दुसऱ्या वर्षी दुसरा पोरगा घेऊन आला, त्यालाही दिला. त्या कॉलेजातली सगळ्यात जास्त वाचली गेलेली कादंबरी तीच असणार.

आता मुख्य गोष्ट.

एक साल कॉलेजात तपासणी समिती येणार होती. लायब्ररीयन साहेबांनी टेम्पोभर पुस्तकं पाठवली, चार दिवसांत सगळी उभी करून द्या म्हणाले. त्यात एक कादंबरी होती. नाव सांगत नाय. जुनी, परत छापलेली नाय, आख्ख्या शहरात बहुतेक ती एकच प्रत. शिक्का जुन्या औरंगाबादचा, निळा. पुस्तकाची खालची कड ओलीनं कुजून गेलेली, पानं पानाला चिकटलेली. रीतसर करायचं तर एकेक फर्मा सोडवून, कडा सांधून, लावून, शिवून मग कापायचं. त्याला एक दिवस जातो. माझ्याकडं एक तास होता.

म्हणून मी आधी कापलं. सुट्या फर्म्यांचा गठ्ठा एकदम मावेना म्हणून त्याचे दोन भाग केले आणि खालची कुजकी कड मशीनखाली धरून उडवून दिली. कुजका कागद गेला, त्याच्याबरोबर पानांचे आकडे गेले आणि कोपऱ्यातले मुंगीएवढे आकडेही गेले. मग दोन्ही भाग एकत्र केले, फर्मे हातानं ठोकून सरळ लावले आणि शेवंताच्या पुढं ठेवले. तिनं सुई चालवली. मी दुसऱ्या पुस्तकाला खळ लावत होतो. थोड्या वेळानं तिचा आवाज आला.

"अहो, ही बाई मेली ना? मग परत चुलीपुढं कशी काय बसली?"

"कादंबरी आहे ती. कादंबरीत चालतं. तू शिव."

तिनं शिवलं. समिती येऊन गेली. रॅकवर सगळी पुस्तकं ताठ उभी राहिली आणि कौतुक झालं. ते सगळं मी विसरूनही गेलो.

त्याच्या बऱ्याच वर्षांनी रुबीना आमच्या दुकानात आली. सिल्लोडची पोरगी, बापाचं कापडाचं दुकान, घरात सगळे उर्दू बोलणारे आणि ही मराठीत एम.फिल. करणारी. मला मामा म्हणायची, शेवंताला मामी. तिचा प्रबंध बांधायचा होता, तीन प्रती, काळं रेक्झिन आणि वर सोनेरी अक्षरं. परवा जमा करायचा होता. प्रबंध सुट्या पानांचा असतो, तिथं फर्मे नसतात, म्हणून एकेक पान तपासून लावावं लागतं. ते काम शेवंताचं. इथं तिला तीन पानांवर भागवावं लागत नव्हतं, सगळी वाचायला मिळायची. प्रबंध आला की ती खूश असायची.

दुपारी मी जेवून आलो तर ती पानं लावायची सोडून मांडीवर घेऊन बसलेली. मी विचारलं काय झालं. म्हणाली, हिनं जिच्यावर लिहिलंय ती कादंबरी आपण बांधलेली आहे. मी म्हटलं, बरं मग? मग तिनं सगळं सांगितलं.

त्या कादंबरीत एक नवरा-बायको असतात. रुबीनानं लिहिलं होतं, की लेखकानं काळ उलटा केलाय. आधी बाई गेल्यानंतरचं रिकामं घर दाखवलंय, नवरा एकटाच बसलाय, आणि पान उलटल्यावर ती बाई चुलीपुढं बसलेली दिसते, आणि मग मरते. यात लेखकाची केवढी प्रतिभा आहे यावर पोरीनं तीस पानं लिहिली होती. कादंबरीत वाक्यं तशीही अर्धीच सोडलेली असायची, ती त्या लेखकाची रीतच होती, त्यामुळं फर्मा तुटल्याचं कुणाच्या डोळ्याला लागलं नाय. आणि प्रत एकच, तिचीच झेरॉक्स काढून सगळी पोरं वाचायची.

"तो लेखकानं नाय केला उलटा," शेवंता म्हणाली. "मी तेव्हाच विचारलं होतं तुम्हाला."

मी म्हटलं, गप बस. पोरीला पास होऊ दे. कॉलेजला कळलं तर उद्यापासून एक पुस्तक यायचं नाय. ती म्हणाली, बाहेरून परीक्षक येतात. त्यांच्यातल्या एखाद्यानं दुसऱ्या गावची प्रत पुढं टाकली तर ती पोर उभी कशी राहील? तुमचं काम जाईल, तिचं आयुष्य जाईल. मी नाय म्हणत राहिलो. ती पानं ठोकून सरळ करत राहिली आणि दोऱ्याला हात लावेना. बिनशिवल्या प्रती तशाच पडून राहिल्या. बायकोनं संप केला की बाइंडर काय करणार.

दुसऱ्या दिवशी रुबीना प्रती न्यायला आली, तेव्हा मला सांगावंच लागलं. ती हसली आधी, मामा मस्करी करू नका म्हणाली. मग धावत जाऊन लायब्ररीतून ती कादंबरी घेऊन आली. मी एकेक फर्मा उघडून दाखवला. जुन्या पुस्तकाला किडा लागला की तो पहिल्या पानापासून तिरकं भोक पाडत जातो. ते भोक पाच फर्म्यांपर्यंत एका तिरक्या रेषेत होतं, मग एकदम पुढं उडालं, नंतर मागं आलं आणि आठव्याला परत रेषेवर आलं. सातवा फर्मा सहाव्याच्या आधी शिवला गेला होता, आणि मी केलेल्या दोन भागांच्या सांध्यावरचेच ते दोन. दोन्हींची अदलाबदल मनात धरली की रेघ अखंड. किडा खोटं बोलत नाय.

पोरगी खुर्चीत बसली. आणि तिनं अगदी हळू विचारलं, "मामा, हे झालं कुणाच्या हातून?"

मी म्हणालो, "मामीच्या."

शेवंता तिथंच होती. पाटावर, चार हातांवर. मी वर आणखी जोडलं, फर्मे ती लावते, बाईमाणूस, घाईत झालं असेल. तिनं माझ्याकडं बघितलं. मग सुई वर धरून दोरा ओवला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा गेला.

मी हे का केलं? कॉलेजचं काम वाचवायचं होतं म्हणा. लोक मला हातानं पुस्तक ओळखणारा बाइंडर म्हणत होते, ते जाऊ द्यायचं नव्हतं, हे जास्त खरं.

रुबीना मला विभागात घेऊन गेली. तिघंही होते. मी तिथं तेच परत सांगितलं, जरा जास्त ठसक्यात. आणि मग जी मजा झाली ती मी आयुष्यभर विसरणार नाय. जोशी सर इतकी वर्षं वर्गात सांगत होते, की लेखकाची बायको अकाली गेली, त्या दुःखात त्याला काळाचं भान राहिलं नाय, म्हणून हा उलटा क्रम. कांबळे मॅडमनी विचारलं, सर, पण त्यांची बायको तर त्यांच्या मागं कितीतरी वर्षं जगली ना? सरांनी चष्मा पुसायला घेतला. म्हणाले, तरुणपणी मीही सरळ प्रतच वाचली होती, पण पुढं ही प्रत बघून मला वाटलं, तेव्हा माझंच वाचताना चुकलं असेल. पठाण सर पोट धरून हसले, स्वतःवरच. म्हणाले, "मी या उलट्या क्रमावर दोन तास बोलायचो, आणि लेखक तर बाजूलाच राहिला, मी किसनरावांच्या घरच्या सुईला दाद देत होतो." पण हसून झाल्यावर म्हणाले, तरीही जे कागदावर होतं ते आपण नीट वाचलं, त्यात खोटं काय?

कांबळे मॅडम हसल्या नायत. म्हणाल्या, "बाई मरून गेली तरी तिला परत उठवून चुलीपुढं बसवली. आणि आपल्यातल्या एकालाही त्यात वावगं दिसलं नाही. मलाही नाही."

मी मान खाली घातली. त्यांच्यातल्या एकालाही दिसलं नव्हतं, हे खरं. जिला दिसलं होतं ती दुकानात प्रबंधाची पानं लावत बसली होती.

प्रबंध जमा करायला विभागानं रुबीनाला महिनाभर मुदत वाढवून दिली. तिनं एक नवं प्रकरण लिहिलं, एकाच चुकलेल्या पुस्तकाला तीन प्रकारचे वाचणारे कसे अर्थ लावतात त्यावर. परीक्षकांनी बाकी काही विचारलंच नाय म्हणे, तेवढ्या प्रकरणावरच तासभर बोलले. पहिल्या वर्गात पास झाली. कॉलेजचं काम माझ्याकडंच राहिलं. सगळं गोड झालं.

फक्त त्या नव्या प्रकरणात, एकेचाळिसाव्या पानावर, एक ओळ होती. "बाइंडरच्या पत्नीच्या हातून फर्म्यांचा क्रम चुकला." तो प्रबंधही आमच्याकडंच बांधायला आला होता. पानं शेवंतानंच तपासली. एकेचाळिसावं पान तिनं चाळिसाच्या खाली आणि बेचाळिसाच्या वर नीट ठेवलं. तिन्ही प्रतींत. मी समोर बसून बघत होतो. शेवटचं पान ठेवल्यावर तिन्ही गठ्ठे ठोकले आणि माझ्याकडं सरकवले.

"पानं बरोबर आहेत," म्हणाली.

त्याच्यावर मी सोनेरी अक्षरं उठवली. त्यानंतर आम्ही कितीतरी वर्षं एकत्र जेवलो, भांडलो, एकमेकांची औषधं आणली. तो विषय तिनं भांडणातसुद्धा काढला नाय. सातवी-चौथी काढायची, हे नाय. मी वाट बघत होतो की ती काढेल, मग मी कबूल करेन. माणूस किती बिनडोक असावा याला हद्द नाय.

या उन्हाळ्यात रुबीना भेटायला आली. आता ती सिल्लोडला कॉलेजात मराठी शिकवते. तिच्या वर्गातल्या पोरीही जोशी-पठाण-कांबळे तिघांच्या वाटेनं वाचतात म्हणाली, एकेक दिवस एकेकाची वाट. पिशवीतून तिनं एक पुस्तक काढलं. लायब्ररीनं जुनी पुस्तकं काढून टाकायला घेतली होती. त्या यादीत ही कादंबरी होती, तिनं मागून घेतली. म्हणाली, मामींच्या हातची शिलाई आहे, तुमच्याकडं असू दे.

मी पाठ उघडून बघितली. दोरा अजून ताठ. एवढ्या वर्षांत एक फर्मा हलला नव्हता. मग मी रुबीनाला सगळं सांगितलं. आधी कापलं ते, आकडे उडवले ते, शेवंतानं विचारलं ते, मी काय बोललो ते. तिनं माझ्या हातातलं पुस्तक घेऊन पाठीवरचा दोरा बघितला. नंतर म्हणाली, "मामा, मी मामींना एकदा विचारायला हवं होतं. मी त्यांच्यासमोरच बसले होते."

मी म्हटलं, तुझी चूक नाय, तू माझं ऐकलंस. आता मला ती ओळ बदलून पाहिजे. ती म्हणाली, जमा झालेला प्रबंध बदलत नाहीत. मी म्हटलं, बदलायचा नाय. मी बाइंडर आहे, मला शुद्धिपत्र डकवता येतं. लोकांची शेकडो डकवलीत. पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली की एक चिठ्ठी छापून पहिल्या पानाला चिकटवतात, अमुक पानावर अमुक आहे, तिथं तमुक वाचावं. तिनं लगेच फोन काढला, दोन्हीकडं विचारलं. एक प्रत लायब्ररीत, एक विभागात, एक तिच्याकडं. दोघांनीही हरकत नाय म्हणून सांगितलं.

मजकूर मी सांगितला, तिनं टाइप केला आणि पुढच्या खेपेला छापून, स्वतःची प्रत घेऊन आली. मी घरी खळ शिजवली, बऱ्याच दिवसांनी. क्रांती चौकातून रिक्षा करून आम्ही दोघं कॉलेजात गेलो आणि तीनही प्रतींत चिठ्ठी डकवली. कड सरळ बसली. तीच इथंही देतो, म्हणजे हे लिखाण चौथी प्रत झाली:

शुद्धिपत्र. पान ४१. "बाइंडरच्या पत्नीच्या हातून फर्म्यांचा क्रम चुकला" याऐवजी "बाइंडरच्या हातून फर्म्यांचा क्रम चुकला" असे वाचावे. पत्नी शेवंताबाई यांनी ती चूक शिवतानाच दाखवली होती.

परत येताना रिक्षात रुबीनानं विचारलं, मामा, त्या कादंबरीचं काय करायचं, उसवून नीट लावायची का, तुमचा हात आहे तोवर.

मी म्हटलं, ती राहू दे तशीच, पान उलटलं की बाई परत चुलीपुढं बसते. तिच्यात सातवा फर्मा आधी आहे.